दगडू आबाजी, राहणार कराची

"आठवडा कशाला लागतोय? चार दिसांत कागद आणतो," दौलतराव पाटील म्हणाला आणि त्यानं बैलाच्या शेपटाचा मनगटाला आणखी एक वेढा घेतला. "तालुक्याचा मामलेदार माझ्या वसरीवर बसून पिठलं-भाकरी खाऊन गेलाय. दोन डाव मागून घेतलं पिठलं. त्यो मला न्हाई म्हणंल?"

बैल पाटलाचाच होता. चारी पाय दोरानं आवळून, दुबेळक्या लाकडावर टेकवून त्याला मीरासाहेब नालबंदाच्या अंगणात आडवा पाडला होता. मीरासाहेबाचा पोरगा युसुफ खुराला लोखंडी पत्री ठोकत होता. तोंडात चार खिळे, त्यामुळं त्याला बोलता येत नव्हतं. मीरासाहेब बाजूला बसून उजवं मनगट चोळत होता. श्रावणात एका खोंडानं लाथ हाणली आणि ते मनगट वाकडं बसलं ते बसलंच. आता त्यात हातोडी ठरत नव्हती.

धामणटेक चाकणपासून दोन कोस. कांद्याच्या गाड्या सुरू झालेल्या. खडीची सडक बैलाची खुरं कानशीनं घासल्यासारखी खाती, आणि आसपासच्या सात गावांत पत्री मारणारा हात एकच उरला होता. तो युसुफचा. आणि त्या हाताला सरकारनं पुढच्या बुधवारपर्यंत देश सोडून जायला सांगितलं होतं.

झालं होतं असं. अठ्ठेचाळीसच्या संक्रांतीला युसुफ कराचीला गेला, तेव्हा त्याच्या मनात कराची म्हणजे मुंबईच्या पुढचं बंदर. मामानं कळवलं होतं, इथं घोडागाड्या रग्गड, नाल ठोकणारे कमी. लग्नाला आठ महिने झाले होते. बायकोला, शमीमला, म्हणाला, सहा महिन्यांत येतो. सहा महिन्यांनी निघाला तर परमिट लागायला लागलं होतं. परमिटाच्या रांगेत चार वर्षं उभा राहिला. नंबर जवळ आला तेव्हा परमिट बंद झालं आणि पासपोर्ट निघाला. घरी यायचं तर तिथला पासपोर्ट घेणं भाग होतं. त्यानं घेतला. घरी आला. पण येताना परदेशी होऊन आला. पासपोर्टावर तीन महिन्यांचा शिक्का होता, तो एकदा वाढवला, आता वाढत नव्हता.

शमीमनं नोटीस पिठाच्या डब्यात ठेवली होती. पाटलानं मागितली तशी तिनं झटकून आणून दिली.

"ह्यो परदेशी?" पाटलानं कागद उताणा धरून वाचला. "आरं, ह्यो माझ्या आईच्या मांडीवर खेळलाय. ह्यो माझा भाऊ हाय. पाठचा भाऊ! भर कचेरीत लिवून देतो, बगू कोण नेतोय!"

"भाऊ" म्हणताना त्यानं दुसऱ्या हातानं मांडीवर थाप मारली. बैलाला वाटलं उठायचा हुकूम झाला. पायांचे दोर सुटले, बैल उभा राहिला आणि पळाला. शेपूट पाटलाच्या मनगटाला होतंच. पाटील अंगणातून, चुलीच्या राखेतून आणि शेवटी उकिरड्यातून गेला, तिथं सुटला.

युसुफनं तोंडातले खिळे हातावर काढले. "दादा, आठातल्या सात पत्र्या झाल्या. मागल्या डाव्या पायाची बाहेरची ऱ्हायली. उद्या आणा."

पाटलानं डोळ्यांतलं शेण पुसलं. "आदी तुजा कागद. मग पत्री."

*

दुसऱ्या दिवशी पाटील युसुफला घेऊन तालुक्याला गेला. बरोबर फडक्यात बांधून पिठल्याचं पीठ नेलं होतं, साहेबाच्या बायकोसाठी.

पिठलं खाणाऱ्या मामलेदाराची बदली होऊन वीस दिवस झाले होते. नवा मामलेदार पित्ताचा होता. त्यानं फडक्याकडं बघून तोंड वाकडं केलं आणि दोघांना अव्वल कारकुनाकडं लावून दिलं.

"परदेशी माणूस पोलिसांकडं," कारकून म्हणाला.

"आम्ही फक्त नेऊन सोडतो," फौजदार म्हणाला. "ठेवायचा का, हे जिल्ह्यानं सांगायचं."

शुक्रवारी दोघं जिल्ह्याला गेले. तिथं त्यांना बाकावर बसवलं. बाकाचा एक पाय आखूड होता, एक उठला की दुसरा खाली जायचा. दुपारी तीन वाजता कळलं की हे काम मुंबईचं. साडेतीनला कळलं, मुंबईचं नाही, दिल्लीचं. पावणेचारला एका म्हाताऱ्या शिपायानं दया येऊन सांगितलं, "दिल्लीवाले म्हणतात, जिल्ह्यानं कळवल्याशिवाय आम्ही काय करणार?"

"मग जिल्ह्यानं कळवावं की," पाटील म्हणाला.

"जिल्हा म्हणतो, तालुक्यानं कळवावं."

येताना परत तालुक्याला उतरले. अव्वल कारकून दौतीला झाकण लावत होता. का कोण जाणे, पण युसुफच्या हातातलं शमीमनं दिलेलं भाकरीचं न सोडलेलं गठुडं बघून तो जरा मऊ झाला.

"हे बघा पाटील, मुळात हा जन्मला कुठं? इथला जन्म बुकात निघाला, आणि बुकातला माणूस हाच, असं तुम्ही लिहून दिलंत, तर मी साहेबांकडून बुधवार पुढं ढकलून घेतो. जन्ममृत्यूचं बुक कुठं असतं?"

"माझ्याच घरी," पाटील एकदम फुलला. "तवा माझा बाप लिवायचा. आबाजी पाटील."

"मग झालं की. सोमवारी सर्कल इन्स्पेक्टरला पाठवतो. बुक चावडीवर काढून ठेवा."

युसुफ त्या दिवशी रस्त्यात पहिल्यांदा हसला. एसटीत जागा नव्हती, दोघं टपावर कांद्याच्या पोत्यांवर बसून आले.

*

मधे शनिवार होता. चाकणच्या बाजारात ह्या प्रश्नावर जाहीर वाद झाला. टेकचंदाच्या कापडाच्या पालापुढं, च्याच्या हॉटेलाला लागून. टेकचंद पिंपरीच्या क्यांपातला सिंधी, दर शनिवारी गठ्ठे घेऊन यायचा.

वादाला सुरुवात ज्योतीराम पंचानं केली. ज्योतीरामानं खडकीच्या कारखान्यात सात वर्षं काढली होती, त्यामुळं गावात वर्तमानपत्र त्याचंच. ते तीन दिवस जुनं असलं तरी तो ते ताजं असल्यासारखं वाचायचा.

"चूक दिल्लीची," तो पेपर बडवत म्हणाला. "हद्दीला दार केलं, पर कडी कुठल्या बाजूनं हे ठरवलंच न्हाई."

"चूक मुंबईची," पाटील म्हणाला. ज्योतीराम दिल्ली म्हणाला म्हणून तो मुंबई म्हणाला. ज्योतीराम मुंबई म्हणाला असता तर पाटील लंडन म्हणाला असता.

"पण मी म्हणतो," एक टोपीवाला आडत्या बोलला, "आज ह्याला ठेवला, उद्या चार येतील, परवा चाळीस. सरकारनं कुटं कुटं बघायचं?"

"चाळीस नालबंद आले तर माझ्या घरात ठेवतो!" भैरू ओरडला. भैरूची गाडी आठ दिवस दारात उभी होती. "बैलाचं खूर रगात वकतंय माज्या. दिल्लीला म्हणावं, आदी माज्या बैलाला पत्र्या मारून घ्या, मग माणूस न्या."

"तुजा बैल म्हंजे देश न्हवं, भैरू."

"मग देश म्हंजे काय तुजी आडत हाय?"

तिथं थोडी धराधरी झाली. आडत्याची टोपी कढईत पडली. हॉटेलवाल्यानं ती भज्यांबरोबर झाऱ्यानं बाहेर काढली.

"तुमच्यात हद्द कुणी बगितली हाय का?" ज्योतीरामानं विचारलं.

कुणी बघितली नव्हती. मग सगळ्यांना एकदम आठवलं की एकानं बघितली आहे, आणि ते युसुफकडं वळले. तो पालाच्या दोरीला धरून उभा होता.

"कशी हाय रं?"

"वाळू हाय," युसुफ म्हणाला. "हिकडं एक टेबल, तिकडं एक टेबल. तिकडच्या टेबलाला तीनच पाय हायती. दगड लावलाय."

"आन् भिंत? तार?"

"वाळूच हाय."

लोकांचा हिरमोड झाला. एवढ्या वादानंतर निदान भिंत तरी असायला पाहिजे होती.

टेकचंद इतका वेळ गजानं मांजरपाट मोजत होता. तो थांबला. "मैं कराचीसे आया," तो म्हणाला. "कागज नहीं, पतरा नहीं, पायात जोडा नहीं. क्यांपात बाबूनं नाव विचारलं, लिवलं, खतम. मैं हिंदुस्थानी." मग तो युसुफकडं वळला. "भाई, बर्न्स रोडपे मशीदके बाजूको वो रबडीवाला है अभी?"

"है. बोर्ड नया लगाया."

"नाव वोही?"

"नाव दुसरा है. रबडी वोही है."

टेकचंदानं मोजलेला मांजरपाट परत मोजायला घेतला. बराच वेळ तो एकाच गजावर होता. मग त्यानं हॉटेलवाल्याला खूण करून युसुफला च्या सांगितला. दोघांनी एकमेकांकडं न बघता तो प्यायला.

"मी दिल्लीला अर्ज लिवतो," ज्योतीराम म्हणाला. "पंचायतीच्या नावानं. कायदा बदला म्हणावं. जबाबदारी कुणाची ते एकदा ठरवा म्हणावं." आणि पाटलाकडं बघून, "तुमच्या सहीची गरज न्हाई."

"मी देनार बी न्हाई," पाटील म्हणाला. "माझं बुक हाय."

*

सोमवारी चावडीवर बुक काढलं. लाल फडक्यात गुंडाळलेलं, कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण आतलं शाबूत. सर्कल खुर्चीवर, पाटील शेजारी, भिंतीला मीरासाहेब आणि युसुफ. बायका दाराबाहेर. शमीम उंबऱ्याला टेकून उभी होती, तिनं नवी ओढणी घेतली होती. पाटलाची म्हातारी आई मंजुळाबाई काठी टेकत आली आणि जोत्यावर बसली.

"साल?" सर्कलनं विचारलं.

"मोठी टोळधाड आलती, त्याच्या दुसऱ्या वर्साचा भादवा," मीरासाहेब म्हणाला.

सर्कलनं हिशोब केला आणि पानं उलटली. भादव्यात गावात चार जन्म. दोन मुली. एक भैरू. एक मुलगा आणखी.

"युसुफ नाही," सर्कल म्हणाला. "दगडू आहे."

"कुनाचा दगडू?" पाटलानं विचारलं.

सर्कलनं बोट ठेवून वाचलं, "दगडू. बापाचं नाव आबाजी पाटील. आईचं नाव मंजुळा." आणि मान वर करून, "हे तुमच्या घरातलं दिसतंय."

"आमच्यात दगडू न्हाई कुनी. मी एकला."

"न्हाई कसा?" जोत्यावरून मंजुळाबाई म्हणाली. "ह्यो काय उबा. माज्याच पदरात टाकला न्हवं ह्येच्या आईनं."

सगळ्या गावाला ते ठाऊकच होतं. मीरासाहेबाच्या बायकोची आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. चौथा झाला तेव्हा रीतीप्रमाणं तिनं तो सुपात घालून पाटलाच्या उंबऱ्याबाहेर ठेवला. मंजुळाबाईनं पसाभर बाजरी देऊन विकत घेतला, दगडू नाव ठेवलं आणि दूध पाजायला म्हणून परत दिला. विकलेलं लेकरू, वर नाव दगडाचं. त्याला न्यायला सटवी येत नाही. पोरगं जगलं. घरात त्याचं नाव युसुफ होतं, पण ते सुंता होईस्तोवर कुणी मोठ्यानं घेतलं नाही.

एवढंच कुणाला ठाऊक नव्हतं की आबाजी पाटलानं ते बुकातही लिहिलं होतं.

"मीच म्हणले ह्यांला," मंजुळाबाई म्हणाली. "बुकातबी आपलाच लिवा. सटवीला वाचता येत आसंल तर?"

चावडीत हशा झाला. शमीमही ओढणीआड हसली. मीरासाहेब उठून म्हातारीच्या पाया पडला.

"मग काम सोपंय," सर्कल म्हणाला. "पाटील, लिहून द्या. बुकातला दगडू आबाजी आणि हा युसुफ, एकच इसम. जन्म इथला. करा सही."

पाटलानं टाक घेतला, दौतीत बुडवला. तेवढ्यात मागून ज्योतीराम अगदी सहज बोलला, "अभिनंदन पाटील. वारस सापडला. बावीस एकरात आठ आणे."

टाक हवेतच राहिला. टाकातला थेंब बुकावर पडला.

"म्हंजे?" पाटील म्हणाला.

"म्हंजे काय म्हंजे? बुधवारी मीरासाहेबाच्या दारात सगळ्यांम्होरं म्हणालात न्हवं, पाठचा भाऊ म्हणून? आता सरकारी बुकात निघाला. पिंपरीला कारखाना होतोय, जमिनी घेत्यात. उद्या हिकडं सडकंला लागून घेतल्या, तर ज्येचं नाव त्याला वाटा."

पाटलानं युसुफकडं असं बघितलं, जणू तो आत्ताच दिसला. युसुफ गडबडीनं म्हणाला, "दादा, मला वावर काय करायचं? मला नांगर धरता येत न्हाई. नको मला."

"नको म्हणून लिवून दे मग."

"देतो की!"

"आदी तू लिवून दे. मग मी सही करतो."

"तुमी सही करा, पाटील," शमीम उंबऱ्यातून बोलली. गावानं तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. "मी कुराण उचलते. ढेकूळबी मागणार न्हाई."

पाटील खाली बघून टाक पुसत बसला. "व्यवहार म्हंजे व्यवहार, वहिनी," तो म्हणाला. वहिनी तोंडातून गेलं आणि मग त्यानं जीभ चावली.

*

मंगळवारी सगळे हक्कसोडपत्र करायला तालुक्याला गेले. पाटील, युसुफ, मीरासाहेब, आणि गंमत बघायला ज्योतीराम. स्टँपपेपर पाटलानं आणला होता. युसुफनं त्यावर अंगठा लावायला शाई फासली आणि अंगठा वर धरून उभा राहिला.

"हा कोण?" रजिस्टर करणाऱ्या कारकुनानं विचारलं.

"दगडू आबाजी पाटील."

"कशावरून?"

युसुफजवळ पासपोर्ट होता. कारकुनानं तो उघडला आणि विंचू निघाल्यासारखा मिटला. "हा तर परदेशी इसम. परदेशी माणसाचं हक्कसोडपत्र मी घेऊ शकत नाही. आधी तो इथला आहे, असं आणा."

"त्ये कोण देणार?" मीरासाहेबानं विचारलं.

"पाटील लिहून देतील की. बुक त्यांच्याकडं असतं."

सगळ्यांनी पाटलाकडं बघितलं.

"मी ह्येनं हक्क सोडल्याबिगर सही करणार न्हाई," पाटील म्हणाला.

"आणि पाटलांनी सही केल्याशिवाय मी ह्याला हक्क सोडू देणार नाही," कारकून म्हणाला. त्याला ते बोलून बरं वाटलं. त्यानं पान लावलं.

ज्योतीरामानं कायदा सांगून बघितला. मीरासाहेबानं पागोटं कारकुनाच्या टेबलावर ठेवलं. कारकुनानं ते फायलींवरून सरकवलं, कारण खालची शाई ओली होती. युसुफचा निळा अंगठा तसाच वर होता. तो त्याला कुठं टेकवायचा ते कळत नव्हतं. बाहेर आल्यावर त्यानं तो लिंबाच्या खोडाला पुसला.

"दादा," वाटेत तो पाटलाला म्हणाला, "बुधवार उद्या हाय."

"मला का ठावं न्हाई?" पाटील ओरडला. मग हळू आवाजात म्हणाला, "तुज्यावर इस्वास हाय रं माजा. पर कागदावर न्हाई."

संध्याकाळी ज्योतीरामानं पंचायत बोलावली आणि दिल्लीचा अर्ज पुरा केला. पाच पानं. त्यात हद्दीचा कायदा कसा असावा ते चार पानं होतं. पाचव्या पानावर लिहिलं होतं की युसुफ मीरासाहेब नालबंद ऊर्फ दगडू आबाजी पाटील हा आमच्या गावचाच, आणि त्यास पाकिस्तानात जाण्यास भाग पाडले जात आहे. नऊ सह्या, दोन अंगठे. एक अंगठा भैरूचा, तो त्यानं चांगला दाबून लावला.

*

बुधवारी दोन शिपाई आले. एकाच्या पायात नवे बूट होते आणि खिळा वर आला होता, तो लंगडत होता. पाणी पिताना त्यानं बूट काढला. युसुफनं तो उचलला, ऐरणीवर उलटा धरला आणि दोन टोल्यांत खिळा बसवून दिला.

"तुझ्यासारखा माणूस जायला नको," शिपाई बूट घालून म्हणाला. "उठ, एसटी चुकेल."

शमीमनं भाकऱ्या, मिरचीचा ठेचा आणि मीरासाहेबाची जुनी घोंगडी बांधून दिली. हातोडी युसुफनं हातात घेतली, मग शिपायाकडं बघितलं. लोखंडी हत्यार न्यायला मनाई होती. त्यानं ती ऐरणीवर ठेवली.

मंजुळाबाई काठी टेकत अर्ध्या वाटेवर आली. तिनं युसुफच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. "जा दगड्या," ती म्हणाली. "मी इकलेला न्हाई तुला कुनाला."

पाटील त्या दिवशी मळ्यात होता. सकाळपासून तो एकच बांध नीट करत होता.

पत्रास दीड महिना लागला. युसुफनं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. खुशाली लिहिली होती आणि मग: तिकडच्या टेबलावर मला विचारलं, तू मुदत संपून इतके दिवस तिकडं का राहिलास, तू तिकडचाच दिसतोस. पंधरा दिवस बसवून ठेवलं. त्या टेबलाचा दगड निघालाय.

शमीमनं पत्र पिठाच्या डब्यात ठेवलं. घरात आता तीच बैलाचे पाय बांधायची आणि मीरासाहेब डाव्या हातानं पत्री मारून बघायचा. खिळे वाकडे जात. भैरूच्या बैलाचं खूर पिकलं, तेव्हा भैरू बैल सोडून घेऊन गेला. दुसऱ्या आठवड्यापासून लोक बैलं घेऊन घाटाखाली जायला लागले. रिकाम्या अंगणात मीरासाहेब ऐरण पुसत बसायचा.

*

ज्योतीरामाचा अर्ज दिल्लीत फिरला. हद्दीच्या खात्यानं लिहिलं, आमचं नाही. पासपोर्टच्या खात्यानं लिहिलं, आमचं नाही. कायद्याच्या खात्यानं चार पानं न वाचताच लिहिलं, आमचं नाही. शेवटी तो एका अशा खात्यात गेला की ज्याला बघताक्षणी वाटलं, हे आमचंच. पाकिस्तानात गेलेल्या लोकांची मालमत्ता ताब्यात घेण्याचं ते खातं होतं. त्यांनी आबाजी पाटलाच्या नावचं वावर शोधून काढलं, आणि दिल्लीच्या मानानं काम झटकन झालं. पौष संपता संपता तलाठी नोटीस घेऊन पाटलाच्या वसरीवर आला.

"दगडू आबाजी पाटील, मूळ राहणार धामणटेक, हल्ली राहणार कराची," तलाठ्यानं वाचलं. "याचा आठ आणे हिस्सा सरकारजमा. हरकत असल्यास पंधरा दिवसांत, कचेरी बंद व्हायच्या आत."

"दगडू न्हाईच! त्यो युसुफ हाय!" पाटील ओरडला.

"अर्जात तसंच आहे. युसुफ ऊर्फ दगडू. नऊ सह्या, दोन अंगठे."

"पर तवा त्या सह्या चालत न्हवत्या! माजी सही पायजे म्हणत हुते!"

"ते राहण्यासाठी," तलाठी म्हणाला. "हे जमिनीसाठी."

पाटील तालुक्याला गेला, तिथून जिल्ह्याला गेला, आखूड पायाच्या बाकावर बसला. तेरा दिवस गेले. चौदाव्या दिवशी अव्वल कारकुनानं सांगितलं की एकच उपाय आहे. ज्या बाईचं नाव बुकात आई म्हणून आहे, तिनं इथं कचेरीत समक्ष येऊन सांगायचं, हा माझा मुलगा नव्हे.

"न्हाई सांगणार," मंजुळाबाई म्हणाली.

"आई, निम्मं वावर चाललंय!"

"जाऊंदे. मी न्हाई म्हणले आन् तिकडं पोराला काय झालं तर? सटवीचं कान सगळीकडं आस्त्यात."

"तू निस्ती चल. मी बोलतो. तू मान हलीव."

"चलते. मान न्हाई हलवायची."

एसटीत म्हातारीला भोवळ यायची, म्हणून गाडी जुंपायची ठरली. पंधराव्या दिवशी सकाळी पाटील बैल घेऊन मीरासाहेबाच्या अंगणात आला. युसुफ गेल्यापासून आज पहिल्यांदा. मीरासाहेब ऐरणीजवळ बसला होता. शमीम दारात तांदूळ निवडत होती, ती आत गेली नाही, तिनं मान खाली घातली एवढंच.

"मागल्या डाव्या पायाची बाहेरची ऱ्हायलीय," पाटील म्हणाला. "यवढी एक मार. सडकंनं जायचंय."

मीरासाहेबानं हातोडी उचलली. वाकड्या मनगटात ती ठरली नाही, ऐरणीवर पडली. त्यानं ती परत उचलली, परत पडली. तिसऱ्यांदा शमीमनं ती उचलून जागेवर ठेवली.

"ह्या हातात दम न्हाई, मालक," मीरासाहेब म्हणाला. "डाव्यानं मारतो, पर खिळा कुटं जाईल सांगता येत न्हाई."

"ऱ्हाऊंदे मग," पाटील म्हणाला.

गाडी नऊ वाजता निघाली. मंजुळाबाई गवतावर गोधडी टाकून बसली होती आणि वाटेतल्या प्रत्येक देवळाला हात जोडत होती. चाकणपर्यंत ठीक गेलं. बाजाराच्या कोपऱ्यावर टेकचंदानं पाटलाला राम राम घातला आणि म्हणाला की कराचीत सोडून आलेल्याच्या बदल्यात क्यांपात त्याला धामणटेकला अकरा एकर लिहून दिलंय, वो कहां है, तिथं दुकान चलेगा क्या? पाटलानं बैलाला चाबूक ओढला.

पुढं खडी नवी टाकली होती. दोन मैलांवर बैल मागच्या डाव्या पायानं लंगडायला लागला. बाहेरचं नख फाटलं होतं. पाटलानं खाली उतरून उपरणं फाडून खुराला बांधलं. ते अर्ध्या मैलात निघालं. मग त्यानं बैल सोडून गाडीमागं बांधला आणि त्या बाजूचं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. गाडी कचेरीपुढं सहा वाजून दहा मिनिटांनी पोचली. कचेरी साडेपाचला बंद झाली होती.